'आमच्या घराण्यातच आहे': मुलांचं वजन आणि जनुकं

पेशीकेंद्र

शाळकरी मुलांच्या वजनाचा विषय निघाला की दोन तट पडलेच म्हणून समजा. इकडे 'लाडावून ठेवलंय, दुसरं काय', तिकडे 'आमच्या घराण्यातच आहे हो'. खरं तर यावर मोजमापं कधीच झाली आहेत. ती आधी मांडतो. कुठल्या मुलाची जनुकीय तपासणी करावी आणि कुठे पैसे वाया जातात, यावर पुढे जाणकारांनी लिहावं.

सुरुवात दत्तक मुलांपासून. डेन्मार्कात दत्तकविधानाच्या नोंदी काटेकोर ठेवलेल्या. १९८६ साली अल्बर्ट स्टंकार्ड आणि सहकाऱ्यांनी लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० प्रौढांची माहिती तपासली. त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईबापांच्या अंगकाठीशी जुळली. ज्यांच्या घरी खाऊनपिऊन मोठे झाले त्यांच्याशी जुळली नाही.

मग क्लोद बुशार यांचा क्वेबेकमधला १९९० सालचा प्रयोग. हुबेहूब सारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या. १०० दिवसांपैकी ८४ दिवस प्रत्येकाला गरजेपेक्षा १००० किलोकॅलरी जास्त खायला घातल्या. खाणं मोजूनमापून, तरी कुणी ४.३ किलोने वाढला, कुणी १३.३ किलोने, सरासरी ८.१. मात्र एका जोडीतले दोघे भाऊ बरेचसे बरोबरीने वाढले. जोडी-जोडीतला फरक जोडीच्या आतल्या फरकाच्या जवळपास तिप्पट निघाला. चरबी पोटात साठणार की इतरत्र, यात तर भावाभावांचं साम्य आणखी जास्त.

मुलांपुरता सगळ्यात उपयोगी अभ्यास २०१६ सालचा: जुळ्यांच्या ४५ गटांमधल्या ८७,७८२ जोड्या. बीएमआयमधल्या (उंचीच्या मानाने वजन किती, त्याचं माप) फरकाचा जनुकीय वाटा चौथ्या वर्षी ४१-४२ टक्के, एकोणिसाव्या वर्षी ७५ टक्के. म्हणजे मूल मोठं होतं तसा घराचा वाटा घटतो. चार वर्षांच्या पोराच्या ताटात काय पडणार हे आई-आजी ठरवतात. सोळाव्या वर्षी कँटीनमध्ये दुसरा वडापाव घ्यायचा का, हे त्याची भूक ठरवते.

७५ टक्के म्हणजे ६० किलोंपैकी ४५ किलो जनुकांचे, असं कृपया वाचू नका. हा आकडा एका माणसाच्या वजनाबद्दल नसतोच. एका लोकसमूहात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. समूह बदला, काळ बदला, आकडा बदलतो.

शंकासुर

इथेच तर गाडी अडते. पूर्वी वर्गात एखादंच जाड मूल असायचं, आता तसं राहिलेलं नाही. तीस-चाळीस वर्षांत जनुकं बदलली म्हणायची का?

पेशीकेंद्र

नाही बदलली. बदललं ते आजूबाजूचं, आणि त्यामुळे आधीपासून असलेली जनुकं बोलायला लागली.

एफटीओ नावाचं जनुक घ्या (याच्यावर खाली बोलणं होईलच). अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या माणसांची वजनं कित्येक दशकं नोंदलेली आहेत. तिथे १९४२ पूर्वी जन्मलेल्यांमध्ये एफटीओचा वजनवाढीचा प्रकार अंगात असून नसल्यासारखा होता. नंतर जन्मलेल्यांमध्ये त्याचा परिणाम उघड दिसतो.

त्याहून बोलकं उदाहरण ब्रिटनमधल्या 'जेमिनी' या जुळ्यांच्या अभ्यासातलं. चार वर्षांच्या मुलांच्या घरांची पाहणी झाली: घरात खाऊ काय असतो, तो हाताशी असतो का, टीव्ही किती चालतो, खेळायला जागा आहे का. वजन वाढायला पोषक घरांमध्ये बीएमआयची आनुवंशिकता, म्हणजे वर आलेला तो जनुकीय वाटा, ८६ टक्के. ज्या घरांत हे सगळं आटोक्यात, तिथे ३९ टक्के. वय तेच, देश तोच.

तेव्हा 'घराण्यात आहे' म्हणणारा चूक नाही, आणि 'घरात काय ठेवता ते बघा' म्हणणाराही चूक नाही. दोघे एकाच गणिताची दोन पदं धरून भांडतायत.

आटपाट_नगर

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. जनुकं वजन वाढवतात म्हणजे नेमकं काय करतात? चयापचय मंद करतात ना? 'याला पाणी प्यायलं तरी लागतं अंगाला' असं म्हणतात तसं?

मालती_दे

आटपाट, हा समज इतका पक्का बसलाय की विचारू नका. पण आतापर्यंत सापडलेल्या जनुकांपैकी बहुतेकांचं काम मेंदूत चालतं, विशेषतः हायपोथॅलॅमसमध्ये, आणि ते भूक-तृप्तीचं काम आहे. जाड मुलाचं शरीर बसल्याजागी बारीक मुलापेक्षा जास्तच ऊर्जा वापरतं, कारण शरीरच मोठं असतं.

साखळी थोडक्यात अशी. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात. लेप्टिन हायपोथॅलॅमसमधल्या पीओएमसी चेतापेशींना 'साठा भरलेला आहे' असं कळवतं. या पेशी एक संप्रेरक तयार करतात, ते पुढच्या पेशींवरच्या एमसी४आर या ग्राहीवर (संदेश झेलणाऱ्या रेणूवर) बसतं आणि भूक शमते. साखळीतली कुठलीही कडी तुटली की मेंदूला वाटतं, शरीर उपाशी आहे. मग मूल उपाशी माणसासारखंच वागतं.

लेप्टिन १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत उंदरांत सापडलं. माणसातला पहिला पुरावा १९९७ चा, केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारुकी यांच्या गटाचा. मूळच्या पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत भावंडं: आठ वर्षांची मुलगी ८६ किलो, दोन वर्षांचा मुलगा २९ किलो. दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळजवळ नाहीच. मुलीला पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली, वर्षभरात १६.४ किलो उतरले, बहुतेक सगळी चरबी. तिचं खाणं कमी झालं. ऊर्जेच्या वापरात वाढ झालेली नव्हती, हे मुद्दाम लक्षात ठेवा.

साध्या, निरोगी मुलांतही हाच धागा दिसतो. 'जेमिनी'तल्या तान्ह्या जुळ्यांत ज्याची भूक मोठी ते बाळ भावंडापेक्षा भराभर वाढलं. आपल्याकडे एका पोराला 'एक घास चिऊचा, एक घास काऊचा' करत ताटाभोवती फिरवावं लागतं आणि त्याचीच पाठची बहीण वाटी चाटूनपुसून पुन्हा पुढे करते. आई तीच, स्वयंपाक तोच. पोट भरल्याची जाणीव किती लवकर होते यातला फरक मुलं जन्मतःच घेऊन येतात. म्हणून जाड मुलाला 'तुझ्यात निग्रहच नाही' म्हणणं अज्ञान आहे. बारीक मुलाला तरी कुठे निग्रह करावा लागतो?

शंकासुर

सहमत, शेवटच्या वाक्याला विशेष. पण मग ते 'डीएनए डाएट'वाले किट? घरी थुंकी भरून पाठवायची, रिपोर्टमध्ये लाल-हिरवे ठिपके येतात आणि तुमच्या मुलाने कर्बोदकं खावीत की स्निग्ध हे सांगतात.

पेशीकेंद्र

पैसे वाचवा. हेच पैसे पोहण्याच्या फीला लावा.

कारण सविस्तर सांगतो. ही किटं बहुधा एफटीओसारखे काही मोजके सर्रास आढळणारे बदल तपासतात. एफटीओचा वजनाशी संबंध २००७ साली ३८,७५९ लोकांच्या अभ्यासात पक्का झाला. वजनवाढीच्या प्रकाराच्या दोन प्रती (एक आईकडून, एक वडिलांकडून) असणारा प्रौढ एकही नसणाऱ्यापेक्षा सरासरी ३ किलोने जड. बास. मुलांत हा फरक साधारण सातव्या वर्षापासून दिसू लागतो. जन्मवजनावर परिणाम नाही. पोराचं वजन २५ किलो जास्त असेल आणि रिपोर्टमध्ये एफटीओवर लाल ठिपका असेल, तर ठिपक्याने काहीही उलगडलेलं नसतं.

शिवाय त्याच्यावरून आहार ठरत नाही. आठ चाचण्यांमधल्या ९,५६३ जणांची माहिती एकत्र केल्यावर दिसलं की एफटीओचा वजनवाढीचा प्रकार असलेल्यांचं वजनही उपचारांनी इतरांइतकंच उतरतं. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या चाचणीत ६०९ प्रौढांना कमी स्निग्ध किंवा कमी कर्बोदकं असा आहार वर्षभर दिला. जनुकीय प्रकाराशी 'जुळणारा' आहार मिळालेल्यांचा काडीचाही जास्त फायदा झाला नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की भारतीयांत एफटीओचा टाइप २ मधुमेहाशी ठळक संबंध आहे, आणि तो वजनातून पूर्णपणे उलगडत नाही. युरोपीयांत तो बहुतांशी वजनामार्फतच दिसतो. म्हणजे तिकडच्या आकड्यांवर बेतलेला रिपोर्ट इकडे जशाच्या तसा लावणं हाच मुळात घोळ.

अर्धशिक्षित

एकेक जनुक किरकोळ असेल, पण आता लाखो बदलांची बेरीज करून गुण काढतात ना? त्याचं काय?

पेशीकेंद्र

बरोबर, त्याला बहुजनुकीय गुणांक म्हणू. २०१९ साली अमित खेरा आणि सहकाऱ्यांनी २१ लाख बदलांची अशी बेरीज केली. गुणांकाच्या क्रमवारीत सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या दहा टक्क्यांतल्या मुलांच्या जन्मवजनात नगण्य फरक होता. अठराव्या वर्षापर्यंत तो सुमारे १२ किलोंवर गेला. संशोधन म्हणून जबरदस्त. पण २०२५ साली ५० लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवर बेतलेला नवा गुणांक आला, तो युरोपीय वंशाच्या लोकांत बीएमआयमधला १७.६ टक्के फरक उलगडतो आणि युगांडाच्या ग्रामीण लोकांत २.२ टक्के. आपल्या मुलांच्या फाइलीत लावण्याजोगं हे अजून झालेलं नाही.

रानमेवा

आता दवाखान्यातल्या बाजूचं मी लिहिते. 'जनुकीय आहे का, तपासून टाका' म्हणत येणाऱ्या पालकांपैकी बहुतेकांच्या मुलाला तपासणीची गरज नसते. आणि ज्यांना असते त्यांना 'बाळसं आहे, जाईल' असं सांगून पाच वर्षं घालवलेली असतात.

पहिली गोष्ट, माप नीट घ्या. उंची अनवाणी, टाचा-नितंब-पाठ भिंतीला, नजर समोर, कानाचं भोक आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या रेषेत. घाईत २ सेंटिमीटर इकडेतिकडे सहज होतं. ३० किलोच्या मुलाची उंची १२० ऐवजी ११८ लिहिली तर बीएमआय २०.८ चा २१.५ होतो.

दुसरी, तक्ता कुठला? ५ ते १८ वर्षांसाठी इंडियन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सचे २०१५ चे तक्ते वापरा. पाचच्या आत जागतिक आरोग्य संघटनेचे. आपल्या तक्त्यांत जादा वजनाची रेषा प्रौढांच्या २३ शी आणि लठ्ठपणाची २७ शी जोडलेली आहे. इंटरनेटवरची बरीच गणकयंत्रं परदेशी मापं लावतात आणि आपल्या मुलाला 'सर्वसाधारण' ठरवून मोकळी होतात. प्रौढांचं कोष्टक मुलांना लावू नका, ही विनंती तर हात जोडून. सोबत कंबर मोजा; ती उंचीच्या निम्म्याहून जास्त असेल तर बीएमआय काहीही म्हणो, लक्ष द्या.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: उंची. खाण्याने जाड झालेलं मूल वयाच्या मानाने उंच असतं, वयातही जरा लवकर येतं. जाड आहे आणि बुटकंही आहे, किंवा वर्षाला ५-६ सेंटिमीटरने वाढणारी उंची अडखळली आहे, तर थांबा आणि कारण शोधा. थायरॉइडची कमतरता, कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा अतिरेक, किंवा प्राडर-विलीसारखा सिंड्रोम (जन्मजात जनुकीय आजार). अपवाद एमसी४आरच्या दोषाचा: त्यातली मुलं लहानपणी चांगली उंच असतात, त्यामुळे उंची बघून निर्धास्त होऊ नका.

आता धोक्याच्या खुणा:

वजन पाचव्या वर्षाच्या आत, बऱ्याचदा पहिल्या वर्षातच, तक्त्याच्या बाहेर गेलेलं. आणि भूक भागतच नाही. म्हणजे खादाडपणा नव्हे. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात पुन्हा मागणं, नाही म्हटलं की आकांत, रात्री उठून डबे उघडणं, दुसऱ्याच्या ताटातलं किंवा केराच्या डब्यातलं उचलणं. या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर तपासणी कराच. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही (एंडोक्राइन सोसायटी, २०१७) असंच सांगतात.

जन्माच्या वेळची हकीकत विचारा. बाळ लुळं होतं, रडणं क्षीण, चोखायला जमेना, नळीने दूध द्यावं लागलं, आणि दोन-तीन वर्षांनी तेच बाळ खायला थांबेना? हे प्राडर-विली, दुसरं सिद्ध होईपर्यंत. हातपाय लहान, मुलांत वृषण न उतरलेले.

हात बघा. करंगळीच्या बाहेरच्या कडेला बारीकसा व्रण किंवा मसासारखा उंचवटा असेल तर 'जन्मतः सहावं बोट होतं का' असं थेट विचारा. बारशाच्या आधीच काढून टाकलेलं असतं आणि घरच्यांना ते सांगण्यासारखं वाटत नाही. सोबत रात्री कमी दिसत असेल तर बार्डे-बीडल या जनुकीय सिंड्रोमची शंका घ्या. मूत्रपिंडं आणि डोळ्यांचा पडदा तपासायला पाठवा. मूठ वळल्यावर चौथ्या बोटाच्या मुळाशी गाठीऐवजी खळी पडत असेल, मूल बुटकं असेल, तर कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड बघा.

मानेवरचा काळा, मखमली पट्टा ही मात्र जनुकीय सिंड्रोमची खूण नव्हे. तो इन्शुलिन-रोधाचा, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याचा. मळ समजून बेसन-डाळीच्या पिठाने घासू नका, जायचा नाही आणि कातडी सोलवटेल.

औषधं विचारा: व्हॅलप्रोएट (फिटांवरचं), रिस्पेरिडोन (वर्तनाच्या तक्रारींवरचं), आणि दम्यासाठी वा त्वचेसाठी कुठूनतरी आणलेल्या बिननावाच्या पुड्या, ज्यांत स्टेरॉइड असू शकतं.

आटपाट_नगर

रानमेवाताई, थायरॉइडचं काय? जाड मूल म्हटलं की पहिली तीच तपासणी होते आणि कित्येकांना गोळीही चालू होते.

रानमेवा

टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) ६-७, म्हणजे किंचित वाढलेलं, टी४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) व्यवस्थित, उंची छान वाढतेय: हा वजनाचा परिणाम आहे, कारण नव्हे. वजन उतरलं की आकडाही उतरतो. गोळीने वजन उतरत नाही. खऱ्या थायरॉइडच्या कमतरतेत उंची खुंटते, हे वर आलंच.

कोकणकडा

तपासणी करायचं ठरलं तर कुठली? प्रयोगशाळेच्या यादीत चार-पाच नावं असतात आणि सगळ्यात महाग ती सगळ्यात चांगली असा समज होतो.

पेशीकेंद्र

इथेच सर्वाधिक पैसा चुकीच्या जागी जातो, म्हणून नीट लिहितो.

प्राडर-विलीची शंका असेल तर पहिली तपासणी डीएनए मिथिलेशनची (जनुकाची कुठली प्रत रासायनिक खुणेने बंद आहे ते बघणारी), पंधराव्या गुणसूत्राच्या ठरावीक भागाची. ९९ टक्क्यांहून जास्त रुग्ण यात सापडतात. याच्याऐवजी महागडी एक्झोम तपासणी (जवळजवळ सगळ्या जनुकांची अक्षरं वाचणारी) केली आणि ती 'नॉर्मल' आली, तर प्राडर-विली नाही असं सिद्ध होत नाही. एक्झोम पुस्तकातली अक्षरं वाचतं. कुठली पानं चिकटवून बंद केलीत ते त्याला दिसत नाही. प्राडर-विलीत नेमका वडिलांकडून आलेला भाग हरवलेला असतो किंवा दोन्ही प्रती आईकडून आलेल्या असतात, आणि आईकडची प्रत तिथे मुळातच बंद असते.

वजनासोबत विकासात मागेपणा, स्वमग्नता किंवा शारीरिक व्यंग असेल तर क्रोमोसोमल मायक्रोअॅरे, म्हणजे गुणसूत्रांचे गळालेले किंवा जास्तीचे तुकडे शोधणारी तपासणी. सोळाव्या गुणसूत्रावरचा एक छोटा तुकडा (१६पी११.२) गळाला तर लठ्ठपणा येतो. तोच तुकडा जास्तीचा असेल तर उलट मूल किडकिडीत राहतं.

बुद्धी-विकास ठीक, पण वजन आणि भूक लहानपणापासून बेफाम, तर लठ्ठपणाच्या जनुकांचं पॅनेल (ठरावीक जनुकांची एकत्रित तपासणी) किंवा एक्झोम. त्यात लेप्टिन, लेप्टिनची ग्राही, पीओएमसी, पीसीएसके१, एमसी४आर ही नावं आहेत ना, हे आधी विचारून घ्या. नमुना म्हणजे जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत २ ते ४ मिली रक्त; जमल्यास आईवडिलांचंही त्याच दिवशी.

रक्तातलं लेप्टिन मोजणं स्वस्त, पण त्याचा अर्थ लावताना गल्लत होते. जाड मुलात ते जास्तच असायला हवं. जवळपास शून्य आलं तर निदान हाती लागलं. पण भरपूर आलं म्हणून लेप्टिनचा दोष नाही असं म्हणता येत नाही: २०१५ साली एका मुलात लेप्टिन मुबलक पण निकामी असल्याचं जर्मन डॉक्टरांनी दाखवलं होतं.

आणि रिपोर्टवर 'अनिश्चित महत्त्वाचा बदल' असं लिहून आलं तर तो आजार सापडला असं समजून गावभर सांगू नका, उपचारही त्यावर ठरवू नका. आपल्याकडे असे निकाल जास्त येतात, कारण तुलनेसाठीच्या जागतिक साठ्यांत भारतीय नमुने थोडे. जीनोमइंडिया प्रकल्पातली १०,००० भारतीयांची माहिती आता संशोधकांना खुली झालीय, त्याने फरक पडेल. तोवर आईवडिलांचं रक्त तपासून तो बदल कुणाकडून आला आणि त्या व्यक्तीची अंगकाठी कशी आहे, हे पाहणं हाच मार्ग.

अर्धशिक्षित

एमसी४आरचा दोष इतका दुर्मिळ आहे का, की दवाखान्यात कुणी बघतच नाही?

मालती_दे

दुर्मिळ म्हणवत नाही. ब्रिस्टलच्या परिसरात जन्मलेल्या मुलांच्या अभ्यासात, २०२१ साली, दर ३४० मुलांत एक असं प्रमाण निघालं. निकामी प्रत एकच पुरते. अठराव्या वर्षी ही मुलं इतरांपेक्षा सरासरी १७ किलोंहून अधिक जड होती. यांच्या चेहऱ्यावर कुठलीच खूण नसते, बुद्धी उत्तम, आईबापांपैकी बहुधा एक जण तसाच धिप्पाड. म्हणून 'खातं भारी' यावरच फाइल बंद होते.

याच जनुकात उलट्या दिशेचे बदलही आहेत, ज्यांत ग्राही जास्तच जोमाने चालते आणि माणूस बारीक राहतो. २०२१ साली सापडलेलं जीपीआर७५ तसंच: एक प्रत निकामी असणारे सरासरी ५.३ किलोने हलके. कितीही खाऊन अंगाला न लागणाऱ्या पोरांच्या आयांनी टॉनिकच्या बाटल्यांवर खर्च करण्याआधी हे वाचावं. मूल आपल्या रेषेवर वाढतंय, दमत नाही, शौचाची तक्रार नाही, तर ती त्याची अंगकाठी.

तिसरी_घंटा

जरा नाजूक प्रश्न. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे कितीतरी घरांत होतं. त्याचा यात संबंध?

पेशीकेंद्र

आहे, पण सगळ्या लठ्ठपणाशी नाही. लेप्टिन, त्याची ग्राही, पीओएमसी, बार्डे-बीडल यांत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. नात्यातल्या लग्नात एकाच पणजोबांकडून आलेली बिघडलेली प्रत दोन्ही बाजूंनी पोचण्याची शक्यता वाढते. नात्यातली लग्नं सर्रास होतात अशा पाकिस्तानी कुटुंबांतल्या अतिलठ्ठ मुलांच्या अभ्यासात लेप्टिन, त्याची ग्राही आणि एमसी४आर या तीन जनुकांनीच ३० टक्के मुलांचा उलगडा झाला. त्यामुळे अशा घरातलं दोन वर्षांचं मूल बेसुमार जाड असेल तर तपासणीचा उंबरठा खाली आणा. दहाव्या वर्षी बिस्किटांचे पुडे आणि मोबाइल यांवर जाड झालेल्या मुलाला हा तर्क लावू नका.

कोकणकडा

निदान झालंच तर पुढे काय? नुसतं नाव कळून उपयोग?

रानमेवा

उपयोग आहे. लेप्टिन नसेल तर ते देता येतं. पीओएमसी, पीसीएसके१ किंवा लेप्टिन-ग्राहीचा दोष असेल तर सेटमेलॅनोटाइड: रोज त्वचेखाली इंजेक्शन, थेट एमसी४आर ग्राहीला चेतवतं. अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मंजूर झालं, २०२२ मध्ये बार्डे-बीडलसाठीही. त्वचा आणि तीळ काळे पडतात, कारण रंगाची ग्राही त्याच कुटुंबातली. आधी सांगून ठेवलं नाही तर घरचे घाबरून औषध बंद करतात. प्राडर-विलीत वाढीचं संप्रेरक दिलं जातं, आणि तिथल्या अनावर भुकेसाठी मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत डायझॉक्साइड कोलीन मंजूर झालं. ही औषधं मिळवणं आणि परवडणं हा वेगळाच डोंगर आहे, हे खरंच. एमसी४आरच्या एका निकामी प्रतीला नेमकं औषध नाही, पण जीएलपी-१ गटातल्या (भूक कमी करणाऱ्या) औषधांचा परिणाम होतो, कारण त्यांचा मार्ग काही अंशी वेगळा.

औषध नसतानाही निदानाने घरातला कारभार बदलतो. प्राडर-विलीच्या घरात फ्रीज आणि फडताळाला कुलूप लागतं, जेवणाच्या वेळा घड्याळावर ठरतात, 'थोडंसं घे' हा पर्याय उरत नाही. शाळेत, शेजारी, लग्नकार्यात सगळ्यांना आधी सांगावं लागतं. हे क्रौर्य नव्हे. कधी आणि किती मिळणार हे पक्कं कळलं की ही मुलं उलट शांत होतात.

बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य मुलांसाठी 'जेमिनी'चा ८६-३९ चा आकडा डोळ्यांसमोर ठेवा. भुकेल्या स्वभावाच्या मुलाला उपदेश करण्यापेक्षा घर बदला. फरसाण-बिस्किटांचे डबे ओट्यावरून हलवून चालत नाही, घरात आणायचेच बंद करा. आजोबांसाठी म्हणून आणलेलेही. नियम सगळ्या घराला एकच ठेवा, नाहीतर बारीक भावाला श्रीखंड आणि याला काकडी हा अन्याय पोरगं विसरत नाही. पातेली टेबलावर मांडू नका, ताट स्वयंपाकघरात वाढून आणा. दुसरी पोळी मागितली तर आधी वाटीभर उसळ किंवा कोशिंबीर, मग पोळी. गोड पेयं, डब्यातले ज्यूस धरून, बंद. झोप पुरी. रोज तासभर घाम येईल असा खेळ.

शंकासुर

व्यायामाने एफटीओचा परिणाम कमी होतो असं वाचलंय. खरं?

पेशीकेंद्र

प्रौढांत खरं: २,१८,१६६ जणांच्या एकत्रित अभ्यासात हालचाल करणाऱ्यांमध्ये परिणाम २७ टक्क्यांनी कमी. त्याच अभ्यासातल्या १९,२६८ मुलांत मात्र असा फरक दिसला नाही. खेळायची कारणं इतर भरपूर आहेत, एफटीओचं नाव नको.

तिसरी_घंटा

शेवटचं विचारते. पहिल्या मुलाला असा आजार निघाला, तर दुसऱ्या वेळी किती धोका?

पेशीकेंद्र

नेमक्या बिघाडावर अवलंबून. दोन्ही प्रती बिघडाव्या लागणारे आजार (लेप्टिन, बार्डे-बीडल वगैरे): आईवडील दोघे वाहक (प्रत्येकी एक बिघडलेली प्रत असलेले) असतील तर प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के. आईवडिलांपैकी एकाकडे एमसी४आरची निकामी प्रत असेल तर ५० टक्के. प्राडर-विलीत बहुतेक घरांत एक टक्क्याहूनही कमी, पण मिथिलेशन नियंत्रित करणाऱ्या केंद्राचाच तुकडा गळालेला असेल आणि तो वडिलांकडून आला असेल तर ५० टक्क्यांपर्यंत. मिथिलेशन तपासणी 'प्राडर-विली आहे' एवढंच सांगते, कुठल्या प्रकारचा ते सांगत नाही. म्हणून ती सकारात्मक आल्यावर प्रकार ठरवणारी पुढची तपासणी करून घ्या. ती राहून गेली असेल तर दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी करा. दिवस राहिल्यावर धावाधाव होते आणि निकाल यायला काही आठवडे लागतात. सगळे रिपोर्ट घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा. पहिल्या मुलाचा मूळ रिपोर्ट सोबत हवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं आजाराचं नुसतं नाव पुरत नाही.